पेवात आधी दिवा सोडतात

लग्न पाहावं करून नि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. माझ्या मुलीच्या, आकांक्षाच्या लग्नात मला एवढंच कळलं, की मांडव, आचारी, सोनं हे सगळं एकवेळ परवडलं, पण पत्रिका वाटणं नको. मोबाइलवर पाठवली तर लोक म्हणतात, आम्ही काय परके झालो का. हातात नेऊन दिली तर म्हणतात, आज आठवण आली का. चहा न घेता उठलात तर तो अपमान वेगळा. मे महिन्यात डोक्याला उपरणं गुंडाळून, मोटारसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून गावोगाव फिरणारा पन्नाशीचा माणूस दिसला तर समजावं, याच्या घरी लग्न आहे आणि याला जगण्याचा कंटाळा आलेला आहे.

मी परतूरला एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाचा हंगाम संपला की थोडी उसंत मिळते, म्हणून लग्न मेमध्ये धरलं. त्या दिवशी मंठ्याकडची गावं उरकायला निघालो होतो. शेवटी ठेवलं होतं माझं आजोळ. रखमाजी मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, ऐंशीला टेकलेले. निघताना माझी बायको मीना म्हणाली होती, "मामांना नारळ आणि अक्षता द्यायला विसरू नका. लग्नाला येतील न येतील." आजोळी जायचं म्हटलं की पूर्वी मला आनंद व्हायचा. आता कुठंही जायचं म्हटलं की कंबर दुखते.

आजोळी माणसं मोजकीच. रखमाजी मामा, त्यांचा मुलगा भारत, सून रेणुका आणि गोजरबाई मामी. थोरल्या मामी जाऊन बरीच वर्षं झाली. गोजरबाई मामी ही मामांच्या धाकट्या भावाची, कल्याण मामांची बायको. तिची मुलगी आशा लग्न होऊन सासरी गेलेली. कल्याण मामांना मी पाहिलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ते पेवात उतरले आणि आतच गुदमरून गेले, तेव्हा मी आईच्या पोटात होतो.

पेव म्हणजे काय, हे आता माझ्या मुलीलाही सांगावं लागतं. पूर्वी आमच्याकडे ज्वारी जमिनीखाली साठवत. गावठाणातल्या पांढरीच्या घट्ट मातीत रांजणासारखा खड्डा खणायचा, पोट मोठं, तोंड एका माणसापुरतं. आत कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगडी फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं दाणा टिकायचा. पण उघडताना जपावं लागे, कारण आत वायू धरलेला असायचा. फरशी काढून पेव अर्धा दिवस तसंच उघडं ठेवत. मग दोराला कंदील बांधून आत सोडत. दिवा तळाशी जळत राहिला तरच माणूस उतरे. विझला तर थांबायचं. लहान पोरांनाही हे ठाऊक असे.

म्हणूनच आमच्या घरात कल्याण मामांचं नाव निघायचं ते घाईवरून. दिवा न सोडताच उतरला, असं सगळे सांगत. मी शाळेला धावत निघालो की आई म्हणायची, कल्याणवाणी करू नको. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली ती त्या मेलेल्या माणसाबद्दल. कोणी त्यात वाईट बोलतोय असंही वाटत नसे, इतकी ती सवय होती.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोजरबाई मामी आणि रखमाजी मामा इतकी वर्षं एका घरात राहिले, पण एकमेकांशी कधी बोलले नाहीत. भांडण नव्हतं, रीत होती. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर पुढे ओढायचा, दाराआड उभं राहायचं, काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगायचं. आता ही रीत कुणी पाळत नाही. रेणुका सासऱ्यासमोर खुशाल मोबाइल बघत हसते. त्या दोघांनी मात्र सोडली नाही. घरात तिसरं कुणी नसलं तर मामी मांजराला सांगायची, "म्हणावं, भाकर वाढलीय." आणि मामा मांजरालाच उत्तर द्यायचे, "म्हणावं, आलो." आम्ही पोरं हसून हसून लोळायचो.

मी गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आळीत चिटपाखरू नव्हतं. कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीत जाऊन पडली होती. ऐन दुपारचं गाव मला कधीच आवडलं नाही. रात्री निदान दिवे असतात, कुठं टीव्ही चालू असतो. दुपारी दारं बंद असतात आणि सगळं लख्ख दिसतं, पण माणूस दिसत नाही.

मामांचं जुनं घर पाडलेलं होतं. त्या जागी भारतचं स्लॅबचं घर उभं राहत होतं, सध्या नुसते खांब आणि वर आलेल्या सळया. कडेला पत्र्याचं शेड टाकून सगळे त्यात राहत होते. अंगणात मुरमाचा ढीग पडला होता. त्या ढिगाशेजारी, उन्हात, रखमाजी मामा उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर पेवाचं तोंड उघडं होतं. फरशी बाजूला सरकवलेली होती.

मोटारसायकल बंद केली आणि मला वास आला. उग्र, आंबूस, कोंदट, नाकात बसणारा. लहानपणी एकदा गावात कुणाचं तरी पेव उघडलं होतं, तेव्हा तो घेतलेला होता. पेवातल्या ज्वारीचा वास. तो कुणी विसरत नाही. पण मामांचं पेव कल्याण मामा गेले त्याच वर्षी रिकामं झालं आणि त्यानंतर त्यात कुणी मूठभर दाणा टाकला नव्हता.

"मामा, उन्हात काय करताय?"

मामांनी वर पाहिलं. ओळखायला जरा वेळ लागला. "सोमा व्हय? ये. बरा आलास."

"भारत कुठंय?"

"सकाळीच मंठ्याला गेला. सिमिट आणायला. सूनबाई बी संगं गेली." मामा थांबून थांबून बोलत होते. "उद्या जेसीबी येणार हाय. हे बुजवून टाकायचं म्हंतो. ट्रॅक्टर हुबा करायला जागा पाह्यजे तेला."

मी पत्रिका काढली. त्यांनी ती बघितलीही नाही. त्यांच्या मांडीशी कंदील होता आणि एक जाड दोर, त्याचं दुसरं टोक नव्या खांबाच्या सळयांना बांधलेलं. कंदील पेटवलेला होता, उन्हात ज्योत दिसतही नव्हती. थोरल्या मामी गेल्यापासून मामा रोज दुपारी पेवात कंदील सोडतात, हे भारतनं मला मागे सांगितलं होतं. म्हातारपणचा चाळा, असं तो म्हणाला होता. मीही तसंच धरून चाललो होतो.

"तुझ्या हातात दम हाय का?" मामांनी विचारलं. "माझे हात कापून राह्यले."

कंटाळा आला होता, पण नाही कसं म्हणणार. मी कंदिलाच्या कडीत दोराचं टोक घातलं, दुहेरी गाठ मारली आणि दोर हळूहळू आत सोडला. तोंडापासून हातभर खाली गेला आणि ज्योत आखडली. आणखी थोडा सोडला आणि विझली. धूरसुद्धा वर आला नाही. आतला काळोख जिथल्या तिथं होता.

"कोंदट हवा आहे, मामा," मी म्हणालो. "उघडं राहू द्या जरा."

"किती ऱ्हाऊ द्यायचं? रोज उघडतो. पाऊस आत गेला, वारं गेलं. तळाला पोरायनं खडे टाकले तर खडकन आवाज येतो. पर दिवा जळत न्हाई." मामा पेवाच्या तोंडाकडे बघत होते. "तो जळूच देत न्हाई."

कोण, असं मी विचारलं नाही. विचारण्याची गरज नव्हती. मला तिथून उठायचं होतं. शेडमध्ये जाऊन पाणी प्यावं, मामीच्या हातात नारळ द्यावा आणि निघावं, एवढंच मनात होतं. पण मामांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात उन्हात बसूनही गार होता.

"सोमा, तेनं मला इचारलं व्हतं."

"काय विचारलं होतं?"

"कमरेला दोर बांधून राह्यला व्हता. वाकून पेवात पाह्यलं आन इचारलं, दादा, दिवा सोडला का." मामांनी ओठ ओले केले. "म्या म्हणलं, सोडला. जळतो."

मी पेवाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि सोडला नव्हता?"

"कवा सोडणार? दिवा सोडायचा म्हंजी आधी पेव उघडं ठिवावं लागतं. आरध्या दिसात वास साऱ्या आळीत जातो. सारा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्ता. सांजच्याला परत आला असता. दाण्याचा वास आला असता, मंग दारात रांग लागली असती. लहानी लेकरं घेऊन आले असते लोकं. कुणाकुणाला न्हाई म्हणलो असतो? म्हणून दुपारी, जल्दी जल्दी… दोन पोते वर आले. तिसऱ्याला दोर हलला न्हाई."

मामा पुढे म्हणाले, "लोकं जमा झाले. कसं काय झालं म्हणून इचारलं. म्या म्हणलं, तेनंच घाई केली. ऐकलं न्हाई. आन मंग साऱ्यायनं तेच धरलं. तुझी माय बी तेच म्हणायची. म्या ऐकून घेयाचो. आजवर ऐकून घेऊन राह्यलो."

मला मामांची कीव यायला हवी होती. खरं सांगतो, आधी राग आला. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर यांनी आपलं ओझं ठेवलं आणि मी लहानपणापासून त्या माणसाला हसत आलो. हे मला आज, या उन्हात, पत्रिका द्यायला आलो असताना सांगायची काय गरज होती.

"उद्या हे बुजलं की झालं," मामा म्हणाले. "मंग कुठं तोंड करून सांगू? दिवा एकडाव जळला असता तर म्या समजलो असतो, तेनं सोडून देलं. न्हाई जळत. जवर तिला ठावं न्हाई तवर जळायचा न्हाई." त्यांनी मानेनंच शेडकडे दाखवलं. दाराच्या फटीत हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. मामी नेहमीसारखी आडोशाला उभी होती. "तिला तू सांग. मला बोलता येत न्हाई. रीत न्हाई."

"मी सांगणार नाही, मामा," मी म्हणालो. "मी काही मांजर नाही."

हे बोलून मलाच वाईट वाटलं. म्हातारा माणूस मान खाली घालून बसला. विझलेला कंदील मी वर ओढून घेतला, त्याची काच गार पडली होती. तेवढ्यात खालून आवाज आला.

आवाज असं तरी कसं म्हणू. रिकाम्या घागरीत तोंड घालून कुणी हळूच बोलावं, तसा. एकच शब्द होता.

"दादा…"

मी मामांकडे पाहिलं. त्यांना तो नवा नव्हता. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि मान हलवली, हो, ऐकतोय, म्हणून. किती वर्षं ते रोज दुपारी हे ऐकत होते कोण जाणे. भीतीनं माणूस पळतो म्हणतात. मला तर खूप थकल्यासारखं झालं, तिथंच मुरमावर आडवं व्हावं असं.

मामा मात्र उठले. गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि शेडच्या दाराकडे तोंड केलं. आधी सवयीनं म्हणाले, "म्हणावं…" आणि थांबले. ओठ हलत राहिले. मग म्हणाले, "बाई… म्या दिवा सोडला नव्हता. तेनं इचारलं व्हतं. म्या खोटं बोललो. तो उतावळा नव्हता."

शेडचा पत्रा उन्हानं तडतडत होता. मग मामीचा आवाज आला, नेहमीचा, बारीक.

"सोमा, म्हणावं, मला ठावं हाय."

मामा उभे होते ते खालीच बसले.

"घरात कंदील एकच व्हता," मामी आतून सांगत होती. "त्या दिशी सकाळीच म्या तेची काच राखेनं पुसून चुलीपाशी ठिवला व्हता. दुपारपातूर तो तिथंच व्हता. कुणीबी मागाया आलं न्हाई. मंग आरडाओरड झाली. म्या पळत बाहेर आले तवा बी मागं वळून पाह्यलं. कंदील तिथंच."

"मंग इचार तिला," मामा माझ्याकडे बघून, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "इचार, गप का ऱ्हायली."

मी विचारायची गरज नव्हती. ती स्वतःच बोलली.

"पोटात आशा व्हती. दोन पोते वर आले व्हते. पयल्या दिशी म्या खाल्लं न्हाई. दुसऱ्या दिशी भाकर केली आन खाल्ली. तेच दाणे. मंग कोणत्या तोंडानं बोलू? खाल्ल्यावर बोलता येतं का?" मग म्हणाली, "तुझ्या मायला बी धाडले व्हते, सोमा. तुबी पोटात व्हतास. आशा आन तू एकाच वरसाचे."

माझ्या तोंडात एकदम तो आंबूस वास उतरला. आईनं ती ज्वारी दळली असेल, भाकरी केल्या असतील, आणि मग आयुष्यभर मला सांगितलं, कल्याणवाणी करू नको. तिला ठाऊक नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी त्या वेळी मला तिचाही राग आला.

मामी बाहेर आली. पदर कपाळाखाली ओढलेला, तोंड दिसत नव्हतं. माझ्याजवळ येऊन वाकली, कंदिलाची काच वर केली, पदराखालून काडेपेटी काढून वात लावली. कंदील माझ्या हातात दिला. मी पुन्हा दोर आत सोडू लागलो. हातभर गेला. ज्योत आखडली नाही. आणखी खाली गेला. पेवाच्या भिंती दिसू लागल्या, काळपट, जुन्या कडब्याच्या खुणा असलेल्या. दोर ढिला पडला, म्हणजे तळ लागला होता. दिवा जळत होता. तळाची माती पिवळी दिसत होती आणि त्यावर काही नव्हतं.

"जळतो," मामा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "सोमा, बघ. जळतो."

मलाही रडू आलं. वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं एका दुपारी संपलं, आणि उद्या जेसीबी येऊन वरून मुरूम टाकेल तेव्हा ते नुसतं एक रिकामं पेव असेल.

मामी पेवाच्या तोंडाशी बसली. आत वाकून, जसं शेतातून आलेल्या नवऱ्याला जेवायला बोलवावं, तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "या आता वर."

माझ्या हातातला दोर ताठ झाला.

मी आयुष्य काट्यावर काढलंय. हाताला वजन कळतं. कंदिलाचं वजन नव्हतं ते. पोत्याचंही नव्हतं, पोतं मुकाट लटकतं. हे हलत होतं. मामांनी माझ्या मागं दोर धरला होता, त्यांनाही ते लागलं असणार, कारण त्यांचा श्वास माझ्या मानेवर थांबला.

"भाऊजी, वढा," मामी म्हणाली. मांजराला नाही, मला नाही, त्यांना म्हणाली.

आम्ही ओढू लागलो. का ओढलं, मला विचारू नका. हातात दोर होता आणि दुसऱ्या टोकाला माणूस होता, एवढंच कळत होतं. वर येताना वजन मधूनच हलकं व्हायचं. विहिरीत उतरलेला माणूस वर घेताना भिंतीला पाय लावून आपल्याला मदत करतो ना… तसं. पाय टेकायचे, माती झरझर खाली पडायची, मग पुन्हा भार यायचा. पुन्हा पाय. पुन्हा माती.

मी मान पुढे काढून आत पाहिलं. तळाशी दिवा जळत होता. मग तो दिसेनासा झाला. विझला नव्हता… कडेनं उजेड येत होता. मधे काहीतरी आलं होतं.

"थोडंच ऱ्हायलं," मामी म्हणाली. तिनं पेवात हात पुढे केला होता.

तेव्हा माझ्या मागची ओढ गेली. मामांनी दोर सोडला. निसटला नाही, सोडला. सगळा भार माझ्या एकट्याच्या हातांवर आला, तळवे सोलत दोर सरसर आत गेला आणि मला तो धरवला नाही. खाली धप्प आवाज झाला. उंचावरून माणूस मातीवर पडतो तेव्हा होतो, तसाच. त्यानंतर काही नाही.

मी पाहिलं तेव्हा दिवा पुन्हा दिसत होता. तळ रिकामा होता.

मामा दोन्ही हात छातीशी धरून मागं सरकत सरकत मुरमाच्या ढिगाला टेकले होते. "मला तेचं तोंड…" ते म्हणत होते, "सोमा, मला तेचं तोंड बघवलं नसतं…" मला त्यांची कीव आली ती त्या वेळी. माफी मागता येते, बोलूनही मोकळं होता येतं. पण ज्याची माफी मागायची तोच समोर आला तर माणसानं काय करावं, हे मलाही सांगता येत नाही.

मामी उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. केस पांढरेशुभ्र होते. मी जन्मात पहिल्यांदा तिला भासऱ्यासमोर उघड्या तोंडानं पाहिलं. ती मामांकडे बघत राहिली. मामांनी मान वर केली नाही.

दोर तसाच लोंबत ठेवणं मला बरं वाटेना, म्हणून मी तो वर ओढून घेतला. आता तो हलका होता. मी कंदील दुहेरी गाठीनं बांधला होता. कंदील खाली राहिला होता, आणि दोराच्या टोकाला मोठा फास होता. कमरेला बांधतात तसा, आत माणूस मावेल एवढा, आणि गाठ दोनदा ओढून घट्ट केलेली.

मी पत्रिका, अक्षता आणि नारळ मामीच्या हातात दिले. तिनं पत्रिका कपाळाला लावली, अक्षता पदराच्या गाठीत बांधल्या. "पोरीचं लगीन बराबर होऊ दे," म्हणाली. चहाचं विचारलं. मी नको म्हणालो आणि तिला त्याचा राग आला नाही.

लग्न पार पडलं. आजोळचं कुणी आलं नाही. मांडव उतरल्यावर भारतचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, सिमेंट महागलं, मिस्त्री येत नाही. मग म्हणाला, "दादा, एक काम व्हतं. तू येऊन अण्णाला समजावतो का?"

"मामांना काय झालं?"

"पेव बुजवलं ना आपण. चांगला मुरूम टाकून, पाणी मारून ठोकून घेतलं. तर अण्णा तेच्यावर जाऊन बसले. बाज टाकून देली तरी खालीच बसत्यात, मातीवर. ऊन न्हाई, पाऊस न्हाई. जेवायला बी उठत न्हाईत. म्हणत्यात, म्या उठलो की माती वर येती."

मी विचारलं, "येते का?"

"एकडाव रेणुकानं आन म्या धरून उठवलं तेन्ला, आंघोळीला," भारत म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "परत आलो तवा वीतभर वर आलेली व्हती… मिस्त्री म्हंतो, मुरूम फुगतो कधी कधी."

"आणि मामी? त्या काय म्हणतात?"

"काकूचं तर बिलकुल कळत न्हाई, दादा. पदर बी घेत न्हाई आता. रोज दुपारची अण्णासमोर जाऊन हुबी ऱ्हाती. भांडत न्हाई, काय न्हाई. हळूच म्हंती, भाऊजी, उठा आता. तेन्ला वर यायचं हाय."